शंभर अब्ज डॉलर आणि तिसरीचे गणित

अर्थशास्त्राच्या पुस्तकाचे परीक्षण विज्ञान मासिकात कशासाठी, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. पण ‘जंप-स्टार्टिंग अमेरिका’ हे पुस्तक नावाला अर्थशास्त्राचे आहे. त्याचा खरा विषय प्रयोगशाळा हा आहे. प्रयोगशाळा कोणी बांधाव्यात, कोठे बांधाव्यात आणि त्या बांधल्याने आसपासच्या गावांचे काय होते, हे तीन प्रश्न त्यात विचारले आहेत. लेखक जोनाथन ग्रुबर आणि सायमन जॉन्सन हे दोघेही मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्राध्यापक आहेत. जॉन्सन यांना २०२४ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटाही मिळाला (अर्थात या पुस्तकासाठी नव्हे). पुस्तक २०१९ सालचे आहे. आम्ही ते आता हाती घेतले याचे कारण असे की, या पुस्तकात मांडलेल्या विचाराच्या जवळचा एक कायदा अमेरिकेत २०२२ साली झाला, आणि त्याचे पुढे काय झाले तेही आता दिसू लागले आहे. पुस्तकातील शिफारस आणि तिचे प्रत्यक्षातले रूप शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची संधी परीक्षकाला क्वचितच मिळते.

लेखकांचे म्हणणे थोडक्यात असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने विज्ञानावर सढळ हाताने खर्च केला. रडारचे काम एमआयटीच्या प्रयोगशाळेत झाले. १९४५ साली व्हॅनिव्हर बुश यांनी अध्यक्ष ट्रुमन यांना अहवाल सादर केला आणि शांततेच्या काळातही सरकारने संशोधनाचा भार उचलला पाहिजे असे सांगितले. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर तर पैशांचा ओघच सुरू झाला. १९६४ च्या सुमारास केंद्र सरकारचा संशोधनावरील खर्च देशाच्या एकूण उत्पादनाच्या २ टक्क्यांजवळ पोहोचला होता. नंतर तो घसरत घसरत ०.७ टक्क्यांच्या आसपास आला. हा खड्डा खासगी कंपन्या भरून काढतील ही अपेक्षा फोल ठरली, कारण नव्या ज्ञानाचा फायदा ते शोधणाऱ्या कंपनीपेक्षा इतरांनाच अधिक होतो. जे फळ शेजाऱ्याच्या अंगणात पडणार त्या झाडाला पाणी कोण घालील? तेव्हा सरकारने दरवर्षी १०० अब्ज डॉलर जास्तीचे घालावेत, आणि ते बॉस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोला न देता देशाच्या इतर भागांत नवी केंद्रे उभी करण्यासाठी द्यावेत.

या शेवटच्या वाक्यातच पुस्तकाचे वेगळेपण आहे. अमेरिकेतील नव्या तंत्रज्ञानाची भरभराट मूठभर शहरांत साचली आहे. त्याच वर्षी ब्रुकिंग्ज इन्स्टिट्यूशन आणि आणखी एका संस्थेने मिळून केलेल्या पाहणीत असे दिसले की, २००५ ते २०१७ या काळात नवतंत्रज्ञानाच्या उद्योगांतील रोजगाराची जी वाढ झाली, तिच्यातील ९० टक्के वाटा बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्को, सॅन होजे, सिॲटल आणि सॅन दिएगो या पाच महानगरांचा होता. त्यांपैकी सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे तर एकमेकांना चिकटलेलीच आहेत. तेथे घरांच्या किमती इतक्या वाढल्या आहेत की शाळेतील शिक्षकाला शाळेजवळ राहता येत नाही; आणि उरलेल्या देशात रिकाम्या कारखान्यांची गावे आहेत. लेखकांनी लोकसंख्या, पदवीधरांचे प्रमाण, विद्यापीठांचा दर्जा, घरांच्या किमती अशा कसोट्या लावून १०२ ठिकाणांची यादी तयार केली आहे. या ठिकाणांनी आपापसांत स्पर्धा करावी, आपला आराखडा मांडावा, आणि राजकारण्यांऐवजी एका स्वतंत्र मंडळाने निवड करावी, अशी त्यांची कल्पना आहे.

यादीत पहिला क्रमांक न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या शहराचा लागला आहे. येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण रॉचेस्टरची गोष्ट लेखकांच्या मताला बळ देणारी आहे तशीच ती त्यांना अडचणीत आणणारीही आहे.

रॉचेस्टर म्हणजे कोडॅकचे गाव. १९८२ च्या सुमारास एकट्या कोडॅकमध्ये तेथील ६० हजारांवर माणसे कामाला होती. १९७५ साली याच कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. साडेतीन किलोहून अधिक वजनाचे ते धूड एक चित्र ध्वनिफितीवर उतरवायला २३ सेकंद घेत असे. कंपनीचा नफा फिल्मवर अवलंबून होता. त्यामुळे या शोधाचा मोठा लाभ इतरांनी घेतला आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. खासगी संशोधनाच्या मर्यादा सांगायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

पण त्याच गावात, त्याच सुमारास, दुसरी एक प्रयोगशाळा सरकारी पैशांवर चालली होती. रॉचेस्टर विद्यापीठाची लेसर प्रयोगशाळा १९७० सालची. तेथे १९८५ साली जेरार मूरू आणि त्यांची विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलंड यांनी एक युक्ती शोधली. लेसरचा अतिशय लहान स्पंद फार तीव्र करायला गेले तर तो प्रवर्धक काचेलाच इजा करतो. म्हणून त्यांनी तो स्पंद आधी ताणून लांब केला, म्हणजे त्याची तीव्रता उतरली. मग तो प्रवर्धित केला, आणि शेवटी पुन्हा दाबून आखूड केला. ऊर्जा तेवढीच, काळ अत्यल्प. त्यामुळे शक्ती प्रचंड. (वर्गात शक्तीची व्याख्या शिकवताना हे उदाहरण अवश्य द्यावे, भागाकारातील छेद लहान केल्याने काय होते ते मुलांच्या चटकन ध्यानात येते.) या कामासाठी दोघांना २०१८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता या शोधाचा भूगोल पाहा. मूरू १९८८ साली मिशिगन विद्यापीठात गेले. तेथील प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून लेसर गेला. त्याला तपासणाऱ्या रॉन कर्ट्झ या डॉक्टरांना दिसले की दृष्टिपटलावरील जखम विलक्षण स्वच्छ आणि नेमकी आहे. त्यातून नेत्रशस्त्रक्रियेची पद्धत निघाली, आणि ती बाजारात आणणारी कंपनी पुढे गेली कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे. म्हणजे कल्पना रॉचेस्टरची, उपयोग मिशिगनचा, पगाराच्या नोकऱ्या कॅलिफोर्नियाच्या. ज्ञानाचा फायदा इतरत्र वाहून जातो हे लेखकांनी कंपन्यांबद्दल सांगितले आहे. तोच नियम गावांनाही लागू पडतो, आणि तेथे मात्र त्यांचा सूर एकदम आशावादी होतो. देशासाठी सरकारी संशोधन लाभाचे असते, हा त्यांचा पूर्वार्ध आम्हाला पूर्णपणे पटतो. ते ज्या गावात होते त्या गावाची भरभराट होते, हा उत्तरार्ध अजून सिद्ध व्हायचा आहे. रॉचेस्टरमध्ये १९२९ पासून प्रकाशविज्ञानाची नामांकित संस्था आहे. २०१५ साली प्रकाशावर चालणाऱ्या परिपथांच्या संशोधनासाठी केंद्र सरकारने तेथे ११ कोटी डॉलरचा एक प्रकल्पही जाहीर केला. एवढे असूनही मुलांमधील दारिद्र्याच्या बाबतीत हे शहर अमेरिकेतील मोठ्या व मध्यम शहरांच्या यादीत सतत वरच्या जागी असते. नोबेल मिळवणारी प्रयोगशाळा आणि उपाशी येणाऱ्या मुलांची शाळा एकाच गावात आहेत, आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही.

कायद्याकडे वळू. ९ ऑगस्ट २०२२ रोजी ‘चिप्स अँड सायन्स’ कायद्यावर सही झाली. त्यात प्रादेशिक तंत्रज्ञान केंद्रांसाठी पाच वर्षांत १० अब्ज डॉलर खर्च करण्याची परवानगी होती. त्याचे सगळे श्रेय या पुस्तकाला देणे बरोबर होणार नाही. पण स्पर्धा, पडद्याआड राहिलेली शहरे, विद्यापीठ आणि उद्योग यांची जोडणी, हे सर्व तेथे ओळखू येते. परवानगी म्हणजे पैसा नव्हे, हे सरकारी अनुदानाची वाट पाहिलेल्या आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. सुरुवातीला प्रत्यक्ष तरतूद झाली ती ५० कोटी डॉलरची. लेखकांनी मागितलेल्या एका वर्षाच्या रकमेचा हा दोनशेवा भाग. ऑक्टोबर २०२३ मध्ये ३१ ठिकाणांना केंद्राचा दर्जा मिळाला. जुलै २०२४ मध्ये त्यांपैकी १२ केंद्रांना मिळून सुमारे ५० कोटी ४० लाख डॉलर देण्याचे ठरले. कोणाला १ कोटी ९० लाख, तर कोणाला ५ कोटी १० लाख. यादीत पहिला आलेल्या रॉचेस्टरच्या वाट्याला बफेलो आणि सिरॅक्यूस या दोन शहरांसह ४ कोटी आले. अर्धसंवाहकांचा एक आधुनिक कारखाना उभारायला दहा-वीस अब्ज डॉलर लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचे वजन कळते.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. जानेवारी २०२५ मध्ये आणखी सहा केंद्रांना मिळून सुमारे २१ कोटी डॉलर जाहीर झाले. त्यांत अलाबामातील बर्मिंगहॅमचे औषधसंशोधन होते, ऑरेगनमधील कोर्व्हॅलिसचे सूक्ष्मद्रव तंत्र होते, मेन राज्यातील लाकडापासून रसायने करण्याचे काम होते. सरकार बदलले, आणि मे २०२५ मध्ये नव्या वाणिज्यमंत्र्यांनी ही सहाही अनुदाने मागे घेतली. निवडीची पद्धत सदोष होती, स्पर्धा पुन्हा घेऊ, असे सांगण्यात आले. निवड सदोष होती की नव्हती, या वादात आम्ही पडत नाही. परंतु बुश यांनी १९४५ सालच्या अहवालात सरकारी मदतीची जी तत्त्वे सांगितली होती त्यांत पहिलेच असे होते की, पैशाची हमी अनेक वर्षांची असावी, म्हणजे दीर्घ पल्ल्याचे काम हाती घेता येईल. ग्रुबर आणि जॉन्सन यांना हे तत्त्व चांगले माहीत आहे. मग स्वतंत्र मंडळ नेमले म्हणजे प्रश्न सुटेल असे त्यांना का वाटावे? मंडळ निवड करील. पैसा दरवर्षी संसदच देणार. पुस्तकाचा सर्वांत कच्चा दुवा आम्हाला हाच वाटतो. जी योजना वीस वर्षे टिकली तरच फळ देणार, तिचे आयुष्य चार वर्षांच्या निवडणुकीला बांधलेले असेल तर काय करावे, याचे उत्तर त्यात नाही.

पैसा थोडा आणि दावेदार फार, ही अडचण केवळ अमेरिकेची नाही. जपानने १९८३ साली ‘टेक्नोपोलिस’चा कायदा केला. थोडीच निवडक नगरे उभारायची अशी मूळ कल्पना होती. प्रत्येक प्रांताने आपले घोडे पुढे दामटले आणि अखेर २६ प्रदेशांना हा दर्जा मिळाला. कारखान्यांच्या शाखा त्या भागांत गेल्या, रस्ते झाले, विमानतळ झाले. संशोधन मात्र बव्हंशी टोकियोच्या आसपासच राहिले. १९९८ साली तो कायदा रद्द झाला. यंत्र हलवता येते, पण माणसांनी एकमेकांना भेटण्याची सवय हलवता येत नाही.

या केंद्रांना इंग्रजीत ‘हब’ म्हणतात. हब म्हणजे आपल्या बैलगाडीच्या चाकाचा तुंबा. सुतार तुंब्यासाठी निबर लाकूड निवडतो हे खरे, पण त्यात आरे बसवल्याशिवाय चाक होत नाही. आमच्या मते या सगळ्या विचारातून निसटलेले आरे म्हणजे शाळा. पुस्तकात शिक्षणाचा उल्लेख नाही असे नव्हे. पण ते शिक्षण मुख्यतः विद्यापीठातले, आणि गावाची लायकी ठरते ती तेथे आधीच असलेल्या पदवीधरांवरून. कायद्यातही कामगारांच्या प्रशिक्षणाची सोय आहे, पण ती मोठ्या माणसांची. तिसरीतले मूल दोन्हीकडे पार्श्वभूमीला उभे आहे.

हे मूल आम्ही हौसेने आणलेले नाही. राज चेट्टी आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१९ सालीच प्रसिद्ध झाला. त्यांनी अमेरिकेतील सुमारे १२ लाख संशोधकांच्या पेटंटच्या नोंदी प्राप्तिकराच्या नोंदींशी जुळवल्या आणि ही माणसे कोणत्या घरांत वाढली ते पाहिले. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मूल मोठेपणी पेटंट घेण्याची शक्यता, मध्यम उत्पन्नाच्या खालच्या घरातील मुलाच्या दहापट निघाली. श्रीमंतांची मुले हुशार असतात, असे कोणी म्हणेल. तेव्हा त्यांनी न्यूयॉर्क शहरातील शाळांमधले तिसरीचे गणिताचे गुण काढले. या गुणांनी त्या तफावतीचा एक तृतीयांश भागही उलगडत नाही. म्हणजे तिसरीत गणितात सारखेच हुशार असलेले दोघे. त्यातला एक संशोधक होतो आणि दुसरा होत नाही, तो घरामुळे आणि परिसरामुळे. आणखी एक गोष्ट तर शिक्षकांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. बॉस्टनमध्ये राहणाऱ्या प्रौढ माणसांपैकी ज्यांचे बालपण सिलिकॉन व्हॅलीत गेले त्यांची पेटंटे संगणकाची असण्याकडे कल दिसला, आणि जे मिनियापोलिसला, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या गावात, वाढले त्यांची वैद्यकीय उपकरणांची. एखाद्या विषयात स्त्री-संशोधक जास्त असलेल्या भागात वाढलेल्या मुलीच त्या विषयात पुढे अधिक गेल्या. त्याच विषयातल्या पुरुष-संशोधकांची संख्या त्यांच्या उपयोगी पडली नाही. मुले जे पाहतात, ज्यांना पाहतात, तेच होण्याची हिंमत करतात.

हा निष्कर्ष ग्रुबर-जॉन्सन यांच्या बाजूनेही वापरता येईल, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. नवे केंद्र मागास भागात उभे राहिले तर तेथील मुलांना संशोधक दिसतील, असे ते म्हणू शकतील. पण रॉचेस्टरमध्ये तर संशोधक नव्वद वर्षांहून अधिक काळ आहेतच! प्रयोगशाळा गावात असणे आणि ती मुलाला दिसणे यांत अंतर आहे. कुंपण आणि दारावरचा पहारेकरी यांनीच ते अंतर पडते असे नाही. आपल्यासारख्यांनी तेथे जायचे नसते ही मुलाची समजूत त्याहून जास्त अंतर पाडते. स्पुटनिकनंतरच्या अमेरिकेला हे कळले होते. १९५८ साली नासाची स्थापना झाली त्याच वर्षी शाळांतील गणित-विज्ञानासाठी केंद्राचा पैसा देणारा कायदाही झाला. त्याच्या दोन वर्षे आधी एमआयटीत भौतिकीच्या शालेय अभ्यासक्रमासाठी समिती बसली होती. तिचे प्रमुख जेरल्ड झकारायस हे युद्धकाळात रडारवर काम केलेले गृहस्थ. ‘पीएसएससी फिजिक्स’ हे त्या समितीचे पुस्तक आपल्याकडील जुन्या पिढीतल्या काही शिक्षकांना आठवत असेल. ज्या काळाचा लेखक एवढा गौरव करतात त्या काळी रडारचा माणूस शाळेच्या पुस्तकावर वर्षे घालवत होता. आजच्या केंद्रांच्या आराखड्यांत अशा माणसाला जागा कोठे आहे?

आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला महादुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी शेतांमधून पसरल्या आहेत. तिच्यामुळे त्या भागात कारखाने निघाले नाहीत, आणि ती त्यासाठी बांधलेलीही नव्हती. परंतु राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे शाळकरी मुलांची रीघ लागते, मुले स्वतःचे प्रयोग मांडतात आणि संशोधक त्यांच्यासमोर उभे राहून प्रश्न विचारतात, उत्तरे देतात. प्रादेशिक विकासाच्या कोणत्याही तक्त्यात या दिवसाला रकाना नाही. चेट्टी आणि मंडळींचा अभ्यास खरा धरला तर तो रकाना पहिला हवा.

पुस्तकाच्या शेवटच्या भागात एक सूचना आहे, ती मात्र आम्हाला फार आवडली. सरकारी पैशातून नवे केंद्र उभे राहिले की आसपासच्या जमिनीचे भाव वाढतात आणि फायदा जमीनमालकाचा होतो. (हे सांगायला अमेरिकन प्राध्यापक कशाला, असे आमच्या शहरांभोवतालचे वाचक म्हणतील.) लेखक सुचवतात की या जमिनीत सरकारने आधीच आपला हिस्सा ठेवावा आणि पुढे होणारा नफा लाभांश म्हणून सर्व नागरिकांना वाटावा. अलास्का राज्य तेलाच्या उत्पन्नातून १९८२ पासून प्रत्येक रहिवाशाला असा वार्षिक लाभांश देत आले आहे. ज्यांच्या करातून संशोधन झाले त्यांना परतावा मिळावा, हा हिशेब न्याय्य आहे आणि तो इतक्या स्पष्टपणे मांडल्याबद्दल लेखकांचे कौतुक करावयास हवे. आमची दुरुस्ती एवढीच की, तो पैसा माणशी थोडा थोडा धनादेश करून वाटण्यापेक्षा त्याच जिल्ह्यातील शाळांच्या प्रयोगशाळांवर आणि त्या शाळांत आठवड्यातून एक दिवस शिकवायला येणाऱ्या संशोधकाच्या पगारावर घालावा. रॉचेस्टरपासून सुरुवात करायला हरकत नाही. तेथे ताणलेला आणि दाबलेला प्रकाशस्पंद समजावून सांगू शकणारी माणसे विद्यापीठात आजही आहेत.